‘म्हणौनि’ म्हणजे ‘म्हणून’, एवढ्यावर भागत नाही

अंबाजोगाईच्या मुकुंदराजांचा ‘विवेकसिंधु’ घ्या नाहीतर ‘ज्ञानेश्वरी’, ‘म्हणौनि’ पावलोपावली भेटतो. परीक्षेच्या नोट्समध्ये त्याचा अर्थ एका शब्दात उरकलेला असतो: म्हणून. उत्तर चूक नाही, नेट-सेटला चालेल. पण संशोधनात ते अपुरं पडतं. का, ते बघू.

आधी व्युत्पत्ती. संस्कृत ‘भण्’ म्हणजे बोलणे. प्राकृतात ‘भणइ’, मराठीत ‘म्हणे’. पुढच्या ‘ण’च्या प्रभावाने ‘भ’चा ‘म्ह’ झाला. प्राकृत ‘भणिऊण’मधला ‘-ऊण’ हाच आपला ‘-ऊन’. थोडक्यात, मूळ अर्थ ‘बोलून’.

आता व्याकरण. ‘येतो म्हणून तो गेला.’ इथे म्हणणारा आणि जाणारा एकच, म्हणजे क्रियापद जिवंत आहे. ‘पाऊस झाला म्हणून पेरणी झाली.’ इथे म्हणतंय कोण? कुणीच नाही. क्रियापदाचं उभयान्वयी अव्यय झालं. ‘शिक्षक म्हणून लागला’ यात तर कारणही नाही. तेलुगूत ‘अनि’ आणि कन्नडात ‘एंदु’ हेही बोलण्याच्या धातूंपासूनच आलेत आणि बरंचसं असंच काम करतात. पण तेवढ्यावरून ‘उसनं घेतलं’ असं लिहून मोकळं होऊ नका. साम्य दिसलं की तपास सुरू होतो, संपत नाही.

नोट्सवर माझा आक्षेप इथेच आहे. ‘विवेकसिंधु’ हा वेदान्ताचा ग्रंथ. अशा ग्रंथात ‘म्हणौनि’ने दुसऱ्याचं मत संपतंय की लेखकाचा निष्कर्ष सुरू होतोय, हे ठरवावं लागतं. ते चुकलं तर पूर्वपक्षच सिद्धान्त म्हणून तुमच्या प्रबंधात जाईल.

दुसरा धोका काळाचा. ‘विवेकसिंधु’ शके १११० (इ.स. ११८८) चा मानतात, ‘ज्ञानेश्वरी’ शके १२१२ (इ.स. १२९०) ची. तरी ‘विवेकसिंधु’ची भाषा अर्वाचीन वाटते, म्हणून काहींनी त्याच्या काळावर शंका घेतली. पण नक्कल करणारा ‘म्हणौनि’चं ‘म्हणोनि’ किंवा ‘म्हणून’ सहज करतो. म्हणजे रूप पाहून आधी कळतो तो पोथीचा काळ. ग्रंथाचा काळ त्यावरून थेट काढता येत नाही.

तेव्हा टिपण काढताना चार रकाने पाडा: पोथी, रूप, म्हणणारा कोण, वाक्यातलं काम. पन्नास ओव्या अशा भरा आणि मगच अर्थाच्या रकान्यात काही लिहा.