अंड्यातला निळा उजेड

शोधनिबंधाचं रसग्रहण करू नये, असा काही नियम नाही. कसेनिया कास्तानेन्का आणि लिन लँडमेसर यांचा ‘जर्नल ऑफ न्यूरोसायन्स’मधला २०१०चा निबंध मी तरी चवीनं वाचतो. शीर्षक लांबलचक, भाषा कोरडी. पण रचना पाहावी.

पूर्वकथा जुनी आहे. कोंबडीचा गर्भ स्पर्श कळण्याच्या कितीतरी आधी हलू लागतो, हे प्रायर यांनी १८८५ मध्येच नोंदवलं होतं. १९६६ मध्ये हॅम्बर्गर आणि सहकाऱ्यांनी पायाकडून येणाऱ्या संवेदनांची वाट आणि मेंदूकडची जोडणी, दोन्ही तोडली. तरी पाय हलतच राहिले. म्हणजे ताल मेरुरज्जूतच होता. तो कोण धरतं? १९९९ मध्ये मिल्नर आणि लँडमेसर यांनी दोन रसायनं दाखवली: ॲसिटिलकोलीन आणि गाबा. गाबा हे प्रौढ मेंदूत चेतापेशींना गप्प करणारं. पण गर्भातल्या पेशीत क्लोराइड भरपूर साठलेलं असतं. गाबानं दार उघडलं की ते बाहेर पडतं आणि पेशी उलट चेतते. सगळं जाळं एकदम खणखणतं, थकतं, थांबतं, काही वेळानं पुन्हा सुरू. चेतापेशींचे लांब धागे, म्हणजे अक्षतंतू, स्नायूपर्यंत पोचलेलेही नसतात तेव्हापासून हे चालतं.

मग २००४. हॅन्सन आणि लँडमेसर यांनी पिक्रोटॉक्सिन देऊन गाबाचा परिणाम रोखला. (हे विष काकमारीच्या बियांतलं; त्या बिया मासे गुंगवायला वापरत.) ताल बंद पडला नाही, नुसता मंदावला. तेवढ्यानंही पायाच्या बुडाशी पाठीकडे वळायचं की पोटाकडे, हे अक्षतंतूंना कळेना. चिकित्सक वाचक इथं अडवणारच: वाट चुकली ती मंद तालानं, की विषाच्या दुसऱ्याच एखाद्या परिणामानं?

२०१०चा निबंध म्हणजे या एका शंकेचं उत्तर. विष काढून घेतलं नाही. खुबी तिथंच आहे. शेवाळातलं प्रकाश टिपणारं प्रथिन चेतापेशींत घातलं, अंड्याच्या कवचाला खिडकी पाडली आणि निळ्या उजेडाच्या झोतांनी ताल पूर्ववत केला. गाबाची वाट बंदच, तरी अक्षतंतू योग्य वाटेला लागले; वाट दाखवणारे रेणूही टिकले. म्हणजे महत्त्व तालाच्या वेळेला; वरूडच्या संत्रा बागायतदाराला हे लवकर उमगेल. आंबिया बहारासाठी बागेला ताण देऊन तो तोडायचा, तेव्हा पाणी किती यापेक्षा केव्हा, यावरच फुलोरा ठरतो.

वाट शोधणाऱ्या टोकाचं दुसरं अंग पुण्याच्या आयसरमध्ये अर्णब घोष यांच्या प्रयोगशाळेनं तपासलं. कोंबडीच्याच गर्भातल्या मेरुरज्जूच्या पेशींवर काम करून त्यांनी २०१६ मध्ये दाखवलं, की अक्षतंतूच्या टोकाचे बारीक तंतू स्थिर राहायला फॉर्मिन-२ हे प्रथिन लागतं.

लँडमेसर यांच्या कामाचं मोठेपण मला शोधापेक्षा शंकेच्या इमानात दिसतं. आपल्याच निष्कर्षावरचा आक्षेप त्यांनी सहा वर्षांनी, नवं साधन हाती येताच, स्वतःच तपासायला घेतला.

बी.एस्सी.च्या प्रात्यक्षिकांत कोंबडीच्या गर्भाच्या स्लाइड सहसा ७२ तासांशी थांबतात. पहिली हालचाल सुरू होते साडेतीन दिवसांच्या सुमारास, म्हणजे जेमतेम १२ तासांनी. प्राणिशास्त्राच्या शिक्षकांनी ती स्लाइड दाखवून झाली की हा निबंधही वर्गात वाचावा.