वृद्ध कोणाला म्हणायचे?

शासनाचा मसुदा ही साहित्यकृती नव्हे, म्हणून समीक्षक तिकडे फिरकत नाहीत. परंतु लाखो मुलांच्या तोंडी जाणारे शब्द ज्या कागदावर ठरतात, तो कागद एखाद्या कवितासंग्रहापेक्षा अधिक काळजीने वाचला पाहिजे. मे २०२४ मध्ये राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने शालेय शिक्षणाच्या राज्य अभ्यासक्रम आराखड्याचा मसुदा लोकांपुढे ठेवला. मूल्यांविषयीच्या प्रकरणाच्या आरंभी त्यात मनुस्मृतीतील एक श्लोक होता. लहान वर्गांच्या पाठांतरासाठी मनाचे श्लोक आणि वरच्या वर्गांसाठी गीतेचा बारावा अध्याय सुचविला होता.

गदारोळ झाला. २९ मे रोजी महाडला जितेंद्र आव्हाड यांनी मनुस्मृती जाळली. त्या वेळी बाबासाहेबांचे छायाचित्र असलेला कागद फाटला, त्यांनी माफी मागितली, आणि पुढचे काही दिवस सारा महाराष्ट्र त्या फाटलेल्या कागदाविषयी भांडत राहिला. तत्कालीन शालेय शिक्षणमंत्री दीपक केसरकर यांनी मनुस्मृतीचा समावेश होणार नाही असे सांगितले. प्रकरण मिटले असे सर्वांनी धरून टाकले.

ते मिटलेले नाही, असे माझे म्हणणे आहे. कारण तो श्लोक निवडणाऱ्याला त्यात गैर काहीच का दिसले नाही, हा प्रश्न कोणी विचारला नाही. आपणही विचारला नाही. आपण जाळले, परंतु वाचले नाही. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मनुस्मृती जाळली ती वाचून जाळली होती.

श्लोक दुसऱ्या अध्यायातला, एकशे एकविसावा. आशय असा, की जो नेहमी अभिवादन करतो आणि वृद्धांची सेवा करतो त्याचे आयुष्य, विद्या, यश आणि बळ वाढते. आपल्यातलेच काही शिक्षक विचारतात, यात वाईट ते काय? थोरामोठ्यांना मान द्या, एवढेच तर सांगितले आहे. प्रश्न प्रामाणिक आहे. त्याचे उत्तर घोषणेने देता येणार नाही. त्यासाठी त्याच अध्यायाची पुढची दोनतीन पाने उलटली पाहिजेत.

सहाच श्लोकांनी पुढे, भेट झाल्यावर विचारपूस कशी करावी हे सांगितले आहे. ब्राह्मणाला कुशल विचारावे, क्षत्रियाला अनामय, वैश्याला क्षेम आणि शूद्राला आरोग्य. म्हणजे साध्या विचारपुशीचीसुद्धा चार वर्णांत वाटणी झाली. आणखी पुढे, एकशे पस्तिसाव्या श्लोकात, दहा वर्षांचा ब्राह्मण आणि शंभर वर्षांचा क्षत्रिय यांना पितापुत्र समजावे, आणि त्यातला ब्राह्मण हा पिता, असे सांगितले आहे. त्यानंतर दोनच श्लोकांनी शूद्राचा क्रम लागतो. तोही मानाला पात्र ठरतो, पण वयाची नव्वदी ओलांडल्यावर! अस्पृश्याला तर या यादीत जागाच नाही. हा सारा अध्याय मुंज झालेल्या द्विज विद्यार्थ्यासाठी लिहिलेला आहे. मुलाचे नाव ठेवतानाही ब्राह्मणाचे मंगल आणि शूद्राचे तिरस्कारदर्शक असावे, ही आज्ञा याच अध्यायात, एकतिसाव्या श्लोकात आहे.

तेव्हा या श्लोकातला ‘वृद्ध’ म्हणजे वयाने वडील असलेला माणूस नव्हे. थोरपण कोणाचे, हे या ग्रंथात वर्ण ठरवतो. श्लोक संदर्भातून उपटून घेतला तरी त्याची मुळे तुटत नाहीत. ती आपल्या गावांत आजही शाबूत आहेत.

बीड जिल्ह्यात हे ग्रंथ न उघडताही कळते. आपल्या म्हाताऱ्यांना गावातली दहाबारा वर्षांची पोरे नुसत्या नावाने हाक मारीत, आणि पांढऱ्या मिशांचा म्हातारा त्या पोरांना ‘जोहार’ घालीत असे. मनूने लिहिलेले पितापुत्रांचे नाते आम्ही वेशीवर पाहिले. ‘जोहार’ टाकून ‘जय भीम’ म्हणणे हे म्हणूनच केवळ शब्द बदलणे नव्हते. अभिवादनाची ही उतरंडच त्यातून नाकारली गेली. दिवाळीच्या सुमारास जिल्ह्यातली हजारो कुटुंबे कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. मागे राहिलेली लेकरे आजी-आजोबा सांभाळतात, नाहीतर ती हंगामी वसतिगृहाच्या आधाराने शाळेत टिकतात. या लेकरांना वृद्धसेवा श्लोकातून शिकवायची नाही, ती त्यांच्या रोजच्या जगण्यात आहे. शिकवायचे असेल तर गावाला शिकवा, की यांचा आजोबाही वृद्धच आहे.

राज्यकर्त्यांनी शाळेत धर्म आणणे या मुलुखाला नवे नाही. १९४८ पर्यंत बीड निजामाच्या राज्यात होते. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात मुसलमान विद्यार्थ्यांना दीनियात आणि इतरांना नीतिशिक्षण सक्तीचे होते. राज्य बदलले. पण राज्यकर्त्याचा धर्म शिष्टाचाराच्या नावाने वर्गात शिरण्याची वाट बंद व्हावी म्हणून घटनेत अठ्ठाविसावे कलम घालावे लागले. डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत त्यावर बोलताना बाबासाहेबांनी स्पष्ट भेद केला होता. धर्ममताची शिकवण वेगळी आणि धर्माचा अभ्यास वेगळा. कोठारी आयोगानेही पुढे हाच भेद मान्य केला, आणि २००२ साली अरुणा रॉय खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने धर्मांविषयीच्या अभ्यासाला मुभा दिली.

या मुभेतच मेख आहे. ‘अभ्यास’ म्हणून आत यायचे आणि ‘पाठांतर’ म्हणून बसायचे, ही नवी रीत आहे. रामदास मराठीच्या तासाला कवी म्हणून जरूर शिकवावा, शेजारी चोखामेळा आणि तुकाराम ठेवून शिकवावा, आणि मुलांना प्रश्न विचारू द्यावा. तो अभ्यास झाला. तोच मजकूर सर्वांनी एका सुरात म्हणायचा, न म्हणणारा उद्धट ठरायचा, ही शिकवण झाली. नाशिकच्या एका शिक्षकाने शाळेच्या प्रार्थनेत हात जोडले नाहीत म्हणून त्याची वेतनश्रेणी अडविली गेली. त्याला २०१३ साली मुंबई उच्च न्यायालयात जाऊन न्याय मिळवावा लागला. कायम नोकरीतल्या शिक्षकाची ही गत, तर चौथीतल्या पोराने काय करावे?

म्हणून मार्गदर्शक तत्त्वे नव्याने लिहायचीच असतील तर एक श्लोक गाळून भागणार नाही. त्यांत चार गोष्टी स्पष्ट लिहिल्या पाहिजेत. जिल्हा परिषदेच्या शाळा संपूर्णपणे शासनाच्या पैशावर चालतात. तेथे कोणत्याही धर्माची शिकवण देता येत नाही. अनुदानित संस्थांच्या शाळांत पालकाच्या संमतीवाचून मुलाला धर्मशिक्षणात वा उपासनेत सामील करता येत नाही, आणि हा हक्क प्रवेशाच्या वेळीच पालकाला त्याच्या भाषेत सांगितला पाहिजे. धर्म शिकवायचा तर त्याची चिकित्सा करणारे बुद्ध, कबीर आणि जोतीराव फुले हेही त्याच पाठात हवेत. आणि नीतीचा पाया आज्ञापालनावर न ठेवता संविधानाच्या उद्देशिकेवर ठेवावा. ती शाळांतून वाचण्याचा आदेश २०२० मध्ये निघालाच आहे. तो वाचनापुरता न राहता वर्तनापर्यंत जावा.

आम्ही नीतीच्या विरोधात नाही. ज्या माणसाने आयुष्याच्या शेवटी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ लिहिला त्याचे अनुयायी नीतीच्या विरोधात कसे असतील? आमचे म्हणणे एवढेच, की नीती सर्वांना एकाच मापाने लागू झाली पाहिजे. नव्या मसुद्यात ‘वडीलधाऱ्यांचा आदर करावा’ हे वाक्य खुशाल असू द्या. फक्त त्या वाक्यात कोयत्याने हात सोलवटलेला आजोबा बसतो की नाही, हे शिक्षकाने वर्गात मोठ्याने विचारावे. त्याला जागा नसेल, तर श्लोक गाळला तरी मनू तिथेच आहे.