मल्लांची बडबड आणि मल्लांचं काम

नव्वदच्या दशकात केबलवर डब्ल्यूडब्ल्यूएफ बघणाऱ्या प्रत्येक वर्गात एक तरी पोरगा असा असायचा, जो अंडरटेकरला सात जन्म आहेत हे शपथेवर सांगायचा. मधल्या सुट्टीत ट्रम्प कार्डांचा डाव मांडला की उंची, वजन, छाती, दंड यांच्या आकड्यांवरून भांडणं व्हायची आणि शेवटी गाडी ‘हे खरं असतं की खोटं’ यावर येऊन अडायची. तो अंडरटेकर, म्हणजे टेक्ससचा मार्क कॅलवे, आता ‘सिक्स फीट अंडर’ नावाचा पॉडकास्ट करतो. नोव्हेंबर १९९० मध्ये तो डब्ल्यूडब्ल्यूएफमध्ये आला आणि पुढे कितीतरी वर्षं चारचौघांत आपली भूमिका सोडायची नाही हे पथ्य त्याने कडकपणे पाळलं. आज तोच माणूस हेडफोन लावून कोण कोणावर का रुसला होता ते निवांत सांगत बसतो. असे पॉडकास्ट आज ढिगाने आहेत. बहुतेकांचा सूर एकच आहे, आणि तो सूर मला फार दिवसांपासून आवडेनासा झाला आहे.

व्यावसायिक कुस्तीत निकाल आधी ठरलेला असतो. पडणं, आपटणं आणि त्याचं दुखणं मात्र खरं असतं. हे गुपित बाहेर फुटू न देण्याच्या रिवाजाला त्या धंद्यात ‘केफेब’ म्हणतात. १९८४ मध्ये एका टीव्ही पत्रकाराने ‘मला हे सगळं खोटं वाटतं’ असं तोंडावर सांगितलं, तेव्हा डेव्हिड शुल्ट्झ या मल्लाने कॅमेऱ्यासमोरच त्याच्या कानाखाली वाजवली. पाचच वर्षांनी डब्ल्यूडब्ल्यूएफने, म्हणजे विन्स मॅकमॅनच्या कंपनीने, न्यू जर्सी राज्यात स्वतःहून कबुली दिली की हा खेळ नव्हे, करमणूक आहे. क्रीडा आयोगाची बंधनं आणि कर टाळायचे होते, एवढाच त्यामागचा हिशेब. कबुलीने धंदा बुडाला नाही. उलट पडद्यामागचं ऐकायला वेगळं गिऱ्हाईक उभं राहिलं. आधी व्हीएचएस कॅसेटवर मल्लांच्या लांबलचक मुलाखती विकल्या जात, मग पॉडकास्ट आले.

या प्रकाराला वळण लावलं ते शिकागोच्या कोल्ट कबानाने. मोठ्या कंपनीतून बाहेर पडून छोट्या कार्यक्रमांत लढणारा हा विनोदी अंगाचा मल्ल. २०१० मध्ये त्याने ‘आर्ट ऑफ रेसलिंग’ सुरू केलं. समोर बसलेल्या मल्लाला तो चॅम्पियनशिपबद्दल फारसं विचारायचाच नाही. विचारायचा ते गाडीतल्या रात्रभराच्या प्रवासाबद्दल, बुडालेल्या मानधनाबद्दल, टी-शर्ट विकून सुटणाऱ्या पैशांबद्दल. कारागिराने कारागिराशी माल, मजुरी आणि मालक यांबद्दल बोलावं तसा तो सूर होता.

त्याच कार्यक्रमात नोव्हेंबर २०१४ मध्ये सीएम पंक हा मल्ल आला. त्या वर्षीच्या जानेवारीत तो डब्ल्यूडब्ल्यूई (म्हणजे पूर्वीची डब्ल्यूडब्ल्यूएफ) सोडून घरी निघून गेला होता आणि तोवर गप्प होता. मित्राच्या माइकसमोर तो दोन तास बोलला: डोक्याला मार बसलेला असताना लढल्याचं, पाठीवर गाठ असताना कंपनीच्या डॉक्टरांनी ती गांभीर्याने घेतली नाही असा त्याचा आरोप, आणि बडतर्फीची कागदपत्रं नेमकी लग्नाच्या दिवशी हातात पडल्याची गोष्ट. बोलणं चढत जातं, मध्येच थांबतं, पुन्हा त्याच जखमेवर येतं. आजही ऐकताना लक्षात येतं की इथे कुणी कुणासाठी भूमिका वठवत नाही.

पुढचं नाट्य मात्र कुठल्याही पटकथाकाराला जमलं नसतं. काही दिवसांतच, १ डिसेंबरला, स्टीव्ह ऑस्टिन या माजी मल्लाच्या पॉडकास्टवर खुद्द विन्स मॅकमॅन येऊन बसले. लग्नाच्या दिवसाचा तो योगायोग होता म्हणाले, वर माफीही मागितली, आणि त्याच बैठकीत आजच्या पोरांत पुढे यायची जिद्द नाही असा ठपकाही ठेवून गेले. डॉक्टरांनी पंक आणि कबाना दोघांवर अब्रुनुकसानीचा दावा लावला. जून २०१८ मध्ये शिकागोच्या ज्युरीने निकाल दोघांच्या बाजूने दिला, पण तोवर वकिलांच्या बिलांवरून दोन मित्रांचं फाटलं होतं आणि पुढे ते एकमेकांविरुद्ध कोर्टात उभे राहिले. सप्टेंबर २०२२ मध्ये एईडब्ल्यू या नव्या कंपनीत पंकने पत्रकारांसमोर कबानाचा विषय काढून तोंडसुख घेतलं, त्यातून ड्रेसिंग रूममध्ये खरीखुरी हाणामारी झाली. वर्षभरात दुसऱ्या एका भांडणावरून त्याला तिथून काढलं, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये तो डब्ल्यूडब्ल्यूईत परतला. ज्या दुकानाची त्याने जगजाहीर लक्तरं काढली होती, त्याच दुकानाच्या २०२५ च्या रेसलमेनियात त्याची लढत एका रात्रीची मुख्य लढत होती. या धंद्यात खरं बोलणंही शेवटी तिकीट विकायच्या कामी येतं, ते असं.

ख्रिस जेरिको या मल्लाच्या ‘टॉक इज जेरिको’वर मे २०१९ मध्ये आलेला जॉन मॉक्सली हा त्याच जातीचा दुसरा भाग. डब्ल्यूडब्ल्यूईत तो डीन अँब्रोज होता. लेखकांनी लिहून दिलेली, मालकाने मंजूर केलेली वाक्यं शब्दशः म्हणायची, आणि ती आपल्या तोंडी शोभत नाहीत हे पटवायला दरवेळी दाराबाहेर ताटकळायचं, याचा त्याने पाढाच वाचला. तक्रार पैशाची नव्हतीच, आपलं काम आपल्याला करू देत नाहीत ही होती. नंतर त्याची एईडब्ल्यूतली भाषणं ऐकावीत. अडखळतात, ओबडधोबड आहेत, पण त्याची स्वतःची आहेत.

आता असे पॉडकास्ट साच्यातून काढणाऱ्या कारखान्याकडे वळू. अलाबामातल्या हंट्सव्हिलचे कॉनरॅड थॉम्पसन हे गृहकर्जाच्या धंद्यातले गृहस्थ. लहानपणापासून कुस्तीचे वेडे. २०१६ मध्ये त्यांनी मॅकमॅनचे जुने उजवे हात ब्रूस प्रिचर्ड यांना घेऊन ‘समथिंग टू रेसल’ सुरू केलं आणि साचा सापडला: एक म्हातारा, एक जुना विषय, तीन तास. पाठोपाठ एरिक बिशॉफ, जिम रॉस, आर्न अँडरसन, कर्ट अँगल, मिक फोली असे एकेक जण त्याच साच्यातून निघाले. मध्ये मध्ये थॉम्पसन स्वतःच्याच गृहकर्जाची जाहिरात करतात. हल्क होगनबद्दल ऐकता ऐकता व्याजदर कळणारा हा बहुधा एकमेव कलाप्रकार असावा.

प्रिचर्ड गोष्ट सांगण्यात वाकबगार आहेत हे कबूल. मॅकमॅनच्या घोगऱ्या आवाजाची नक्कल ते अशी करतात की खोलीत तिसरा माणूस आल्यासारखं वाटतं. त्यांची ठरलेली जुगलबंदी अशी: थॉम्पसन कुस्तीपत्रकार डेव्ह मेल्टझरच्या जुन्या वार्तापत्रातला उतारा वाचतात, प्रिचर्ड मेल्टझरला एक इरसाल शिवी हासडतात आणि मग ‘खरं काय झालं’ ते सांगतात. गंमत अशी की ऐकून झाल्यावर त्या काळचं मेल्टझरचं वार्तापत्र काढून पाहिलं, तर बरेचदा शिवीपेक्षा उताराच जास्त पटतो. शिवाय २०१९ मध्ये प्रिचर्ड पुन्हा डब्ल्यूडब्ल्यूईत अधिकारी म्हणून रुजू झाले आणि तरीही पॉडकास्ट चालूच राहिला. ज्याच्याकडून पगार येतो त्याच्या इतिहासाचा पंचनामा तुम्ही किती मोकळेपणाने कराल? बिशॉफ यांच्या कार्यक्रमाचं तर नावच ‘८३ वीक्स’ आहे. १९९६ ते १९९८ या काळात त्यांच्या प्रतिस्पर्धी कंपनीच्या ‘नायट्रो’ या कार्यक्रमाने सलग ८३ आठवडे मॅकमॅनच्या ‘रॉ’ला प्रेक्षकसंख्येत मागे टाकलं होतं, त्याची ही जाहीर आठवण. ती कंपनी पुढे का बुडाली हा प्रश्न निघाला की मात्र दोष नेहमी वरच्या मजल्यावरच्या साहेबांचा असतो.

या माणसांना नुसतं हसून भागणार नाही. अमेरिकेत मल्ल हा कागदोपत्री कंपनीचा कामगार नसतो, तो ‘स्वतंत्र कंत्राटदार’ असतो. युनियन नाही, पेन्शन नाही, आरोग्यविम्याची हमी नाही. वीस-वीस वर्षं पाठ आपटून घेतल्यावर उरतात ते बदललेले सांधे आणि आठवणी. आठवणी हाच त्यांचा प्रॉव्हिडंट फंड, आणि तो दर आठवड्याला थोडाथोडा काढावा लागतो. एकच किस्सा पाचव्यांदा सांगायचा तर तिखटमीठ वाढणारच. म्हणजे केफेब मेलेलं नाही, ते रिंगमधून उठून स्टुडिओत येऊन बसलं आहे. मला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा: इतके तास बोलूनही ही मंडळी त्या कंत्राटाबद्दल क्वचितच बोलतात.

जिम कॉर्नेट हा यातला सर्वांत अवघड माणूस. ‘मिडनाइट एक्स्प्रेस’ या जोडीचा टेनिस रॅकेटवाला मॅनेजर. टेनेसी-लुइझियानाकडच्या जुन्या प्रादेशिक कंपन्यांची त्याची स्मृती अचाट आहे: कुठल्या गावात किती गल्ला जमला, कुणी कुणाला किती मोबदला दिला, प्रेक्षक का चिडले, सगळं मुखोद्गत. तो १९८५ बद्दल बोलत असेल तर वही घेऊन बसावं. तो आजबद्दल बोलायला लागला की बंद करावं. केनी ओमेगाने कधीकाळी जपानमध्ये नऊ वर्षांच्या मुलीशी गमतीची लढत केली, एवढ्या भांडवलावर त्याने त्या असामान्य मल्लाला वर्षानुवर्षं झोडपलं आहे. २०१९ मध्ये समालोचन करताना केलेल्या एका वर्णद्वेषी विनोदापायी त्याला एनडब्ल्यूए या कंपनीतली नोकरीही सोडावी लागली. वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियमवर दारासिंग आणि किंग काँग या मल्लांच्या काळात जे चालायचं, त्याचा असा गल्ल्यासकट हिशेब सांगणारा एखादा कॉर्नेट मुंबईला लाभता, तर आपल्या करमणुकीच्या इतिहासाचं एक प्रकरण हाती लागलं असतं, हेही तितकंच खरं.

मग ऐकावं काय? बातमीसाठी टोरांटोच्या जॉन पॉलक आणि वाय टिंग यांचं ‘पोस्ट रेसलिंग’. आवाज न चढवता, ऐकीव गोष्ट ऐकीव म्हणून आणि कागदावरची कागदावरची म्हणून सांगतात. जानेवारी २०२४ मध्ये मॅकमॅनवर त्यांच्याच माजी कर्मचारी स्त्रीने लैंगिक शोषणाचा दावा दाखल केला आणि मॅकमॅन पायउतार झाले, अशा वेळी दावा वाचून दाखवणारा माणूस लागतो, किस्से सांगणारा नव्हे. इतिहासासाठी ‘बिटवीन द शीट्स’: एखाद्या जुन्या वर्षाचा एक आठवडा घ्यायचा आणि त्या वेळची छापील वार्तापत्रं समोर ठेवून बोलायचं. लांबण फार आहे, पण स्मृतीपेक्षा कागदावर भरवसा ठेवण्याची शिस्त आहे. आणि ज्यांना यातलं ओ की ठो कळत नाही त्यांच्यासाठी ब्रिटिश ‘हाउटूरेसलिंग’, जिथे केफिन माहोन हा जाणकार जो ग्रॅहम या नवख्या मैत्रिणीला एकेक मल्ल समजावून देतो. तिचे साधे प्रश्न अनेक तज्ज्ञांना सुचत नाहीत. डेव्ह मेल्टझर आणि ब्रायन अल्वारेझ यांचा कार्यक्रम सवयीचा भाग आहे. मेल्टझरची वाक्यं पूर्ण होत नाहीत, पण माहिती असते. डब्ल्यूडब्ल्यूई आणि एईडब्ल्यूचे स्वतःचे अधिकृत पॉडकास्ट जाहिराती म्हणून ऐकावेत, त्यापलीकडे नाही.

या सगळ्यांत एक उणीव आहेच. माइकसमोर बसलेले बहुतेक पुरुष आहेत, साठीकडे झुकलेले आहेत, आणि त्यांचा सुवर्णकाळ १९९८ मध्ये संपला आहे. रिंगमध्ये मात्र आज जे काम चाललं आहे ते त्या काळापेक्षा सरस आहे. टोनी स्टॉर्मच घ्या. ही ऑस्ट्रेलियात वाढलेली मल्ल २०२३ पासून डोकं फिरलेल्या जुन्या हॉलिवूड नटीच्या रूपात येते. ती प्रवेश करते तेव्हा पडदा कृष्णधवल होतो. तिची चेली मराया मे तिच्यासारखी वेशभूषा करत करत तिचीच जागा घेते, ऑगस्ट २०२४ मध्ये वेम्ब्लीत किताब हिसकावते, आणि मार्च २०२५ मध्ये लॉस एंजेलिसला त्याचा रक्तबंबाळ शेवट होतो. सुरुवात विनोदाची, शेवट शोकांतिकेचा, आणि सांधा कुठेही दिसत नाही. कुठल्याही रंगभूमीने हेवा करावा असं हे काम आहे.

ऑस्ट्रियाचा गुंथर उलट टोकाचा. त्याच्याकडे ना वेश, ना विनोद. उघड्या छातीवर पंजाची चपराक; तिसऱ्या-चौथ्या फटक्याला समोरच्याची कातडी लाल होते आणि सभागृह आधी हसतं, मग चुप होतं. सप्टेंबर २०२२ मधली कार्डिफची शेमसविरुद्धची लढत बघा. डिसेंबर २०२५ मध्ये जॉन सीनाची शेवटची लढत याच गुंथरशी झाली आणि ‘हार मानू नका’ हे ब्रीद मिरवणाऱ्या सीनाने हात आपटून हार मानली. इयो स्कायला उडताना पाहावं. पण ती उडी घेण्याआधी तोल सावरते तो अर्धा क्षण जास्त बघण्यासारखा असतो.

कोल्हापूर-सांगलीकडच्या मैदानांची सवय असलेल्या डोळ्यांना मात्र मी इंग्लंडच्या झॅक सेबर ज्युनियरकडे पाठवीन. हा काटकुळा माणूस फटके मारण्यापेक्षा पकडी जास्त करतो. बोट, मनगट, घोटा, मान, मिळेल तो सांधा पिरगाळतो, आणि एक पकड सुटताना तिचं रूपांतर दुसरीत होतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये टोकियोत त्याने न्यू जपान या कंपनीचा जागतिक किताब जिंकला. निकाल ठरलेला असेल, पण मनगट धरण्याची पद्धत खोटी करता येत नाही, हे तालमीत गेलेल्या कुणालाही एका नजरेत कळेल.

डब्ल्यूडब्ल्यूईचे कार्यक्रम एप्रिल २०२५ पासून भारतात नेटफ्लिक्सवर आहेत, त्यामुळे पुन्हा बघायला लागणारी जुनी गिऱ्हाइकं वाढतील. त्यांनी सुरुवात तिथून करू नये. आधी ओसाकातली ११ फेब्रुवारी २०२४ ची लढत शोधून काढावी: ब्रायन डॅनियलसन विरुद्ध झॅक सेबर ज्युनियर. ती बघून झाल्यावर कबानाचा २०१४ चा पंकवाला भाग ऐकावा, आणि प्रिचर्ड यांचे तीन तास प्रवासासाठी राखून ठेवावेत.