जन्मजात गुन्हेगारीचा सिद्धांत आणि ‘उचल्या’

गुन्हेगार जन्मास येतो की घडविला जातो, हा वाद जुना आहे. इटालियन वैद्य चेझारे लोंब्रोझो याने १८७६ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात कवटी, जबडा, कान यांच्या ठेवणीवरून ‘जन्मजात गुन्हेगार’ ओळखता येतो, असे प्रतिपादन केले. चार्ल्स गोरिंग या इंग्रज वैद्याने सुमारे तीन हजार कैद्यांची मोजमापे तपासून १९१३ साली असा वेगळा शारीरिक नमुना आढळत नसल्याचे दाखविले. हिंदुस्थानात मात्र या मताला मोजमापांची गरजच भासली नाही. लोंब्रोझोच्या ग्रंथापूर्वी पाच वर्षे, १८७१ साली, गुन्हेगार जमातींचा कायदा येथे झाला होता. सुताराचा मुलगा सुतार, तसा चोराचा मुलगा चोर, हे त्यामागील तर्कशास्त्र. वंशपरंपरागत धंद्याची जातिव्यवस्थेतील कल्पनाच येथे निसर्गनियम म्हणून स्वीकारली गेली.

या कल्पनेची परीक्षा करण्यास लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ (१९८७) हे आत्मकथन विशेष उपयुक्त ठरते. लेखक आपल्या जमातीतील चोरी झाकीत नाही. या प्रांजळपणामुळे घाईने वाचणाऱ्यास जुन्या सिद्धांताला पुष्टी मिळाल्याचा भास होणे शक्य आहे. परंतु ग्रंथातील तपशील नेमका उलट दिशेने जातो. तेथे मुलांना खिसे कापण्याचे शिक्षण द्यावे लागते. पोलिसांचा मार सोसता यावा म्हणून घरच्यांच्याच हातून मार खाण्याचा सराव करून घेतला जातो. जे रक्तातच आहे त्याची शिकवणी कशाला? शिवाय जमातीचे नाव कळताच प्रामाणिक कामाची दारे बंद होतात, आणि उरलेली एकच वाट पुन्हा ‘स्वभाव’ म्हणून नोंदली जाते. लेखक स्वतः शाळेत गेला व चळवळीत उतरला, हा एक अपवाद म्हणून बाजूस सारता येईल. शिकवणीचा पुरावा तसा सारता येत नाही. ग्रंथाचे खरे बळ येथे आहे.

हाच निष्कर्ष कोल्हापूर संस्थानात कृतीने मांडला गेला होता. महार, मांग, रामोशी, बेरड यांच्यावर लादलेली हजेरी शाहू छत्रपतींनी १९१८ साली बंद केली, आणि फासेपारध्यांना रखवालीची कामे दिली. संशयाऐवजी विश्वास देणे हे त्या धोरणाचे सूत्र होते.

आधुनिक जीवशास्त्र आनुवंशिकतेचा प्रभाव नाकारीत नाही. न्यूझीलंडमधील एका अभ्यासात (२००२) एका विशिष्ट जनुकाचा समाजविघातक वर्तनाशी संबंध दिसला. पण तो मुख्यतः बालपणी छळ सोसलेल्यांत. शिवाय असे निष्कर्ष व्यक्तींतील फरकांविषयी असतात. त्यांवरून संपूर्ण जमातीस दोषी ठरविता येत नाही.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द झाला. तथापि कायद्याने दिलेले नाव समाजाच्या जिभेवरून उतरलेले नाही. जमातीला चिकटविलेले तेच दूषण गायकवाडांनी ग्रंथाचे शीर्षक केले. त्यामुळे ते नाव कोणी दिले, याचा जाब आता वाचकास द्यावा लागतो.