पहिल्या पुस्तकाची वाट

नव्या लेखकाचें पहिलें पुस्तक प्रसिद्ध व्हावें कसें, हा प्रश्न वरवर व्यवहाराचा दिसतो. आमच्या मतें तो अभिरुचीचा आहे. आज पदरचें द्रव्य मोजण्याची तयारी असली कीं पुस्तक थोड्याच दिवसांत छापून हातीं पडतें. अडचण छपाईची उरलेली नाहीं. हस्तलिखित आस्थेनें वाचून त्यांतील उणें दाखविणारा संपादक दुर्मिळ झाला आहे, ही खरी अडचण होय.

पूर्वीं हें काम नियतकालिकें करीत. हरिभाऊ आपट्यांची ‘मधली स्थिती’ १८८५ सालीं ‘पुणेवैभव’ पत्रांतून वाचकांपुढें आली. पुढें ‘सत्यकथे’नें कित्येक नवे कथाकार व कवि पुढें आणले, १९८२ सालीं ती बंद पडली आणि नवलेखकांची एक मोठी तालीमच मिटली. तरीहि मासिकें व दिवाळी अंक आहेत. ज्याचें लेखन एकाहि संपादकाच्या नजरेखालून गेलेलें नाहीं, त्यानें एकदम पुस्तकाचा हव्यास धरणें आम्हांस इष्ट वाटत नाहीं.

प्रकाशकाकडे जाण्यापूर्वीं त्याची ग्रंथसूची पाहावी. पाठ्यपुस्तकें काढणाऱ्याकडे कवितासंग्रह नेणें म्हणजे सोनाराकडे नांगराचा फाळ नेण्यासारखें आहे. नांव नसणें हा मात्र अपराध नव्हे. १९६३ सालीं देशमुख आणि कंपनीनें ‘कोसला’ काढली, तेव्हां नेमाडे अवघे पंचवीस वर्षांचे होते व ती त्यांची पहिलीच कादंबरी होती. द्रव्याची अडचण असल्यास महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांसाठीं अनुदानयोजना आहे. तिचा लाभ घेण्यांत कमीपणा नाहीं.

करार मात्र डोळे उघडे ठेवून करावा. हक्क किती वर्षांसाठीं दिले व मानधन किती, हें लेखी असावें. १९५७ च्या कायद्याप्रमाणें मुदत नमूद नसल्यास हक्कदान पांच वर्षांचेंच समजलें जातें. पण ‘कायमचे’ हा एक शब्द करारांत शिरला कीं हें संरक्षण उरत नाहीं. पहिल्या पुस्तकाच्या हर्षांत हा शब्द सहज नजरेआड होतो.

यावर कोणी म्हणेल, प्रस्थापितांचीं दारें सर्वांस कोठें उघडीं होतीं? हा आक्षेप खरा आहे. साठोत्तरीं अनियतकालिकें निघालीं तीं याच असंतोषांतून. ‘अरुण कोलटकरच्या कविता’ हा संग्रह १९७७ सालीं अशोक शहाणे यांच्या ‘प्रास’नें काढला. परंतु तेथें दार नवें असलें तरी पारख ढिली नव्हती. बाहेरची वाट चोखाळणाऱ्यानें हीच गोष्ट ध्यानांत ठेवावी. आमचा विरोध स्वतःच्या खर्चानें छापण्यास नाहीं, कोणीं न वाचतां छापण्यास आहे. पैसे घेऊन होकार देणाऱ्यापेक्षां कारण सांगून नकार देणारा प्रकाशक नव्या लेखकाचा अधिक हितकर्ता होय. कारण त्यानें निदान पुस्तक वाचलेलें असतें.