रक्ताचे खाते

आमचा भाचा सुट्टीत आमच्याकडे येतो तेव्हा दोन सॅक आणतो. एक कपड्यांची, दुसरी पुस्तकांची. दुसरी अभ्यासाची, असा आमच्या हिचा समज आहे आणि तो मोडण्याचं धैर्य आम्हा मामाभाच्यांत नाही. गेल्या दिवाळीत मी त्या सॅकमधलं एक पुस्तक सहज उचललं, तर मनगट लचकलं. पूर्वी बँकेत जाड पुठ्ठ्याची लेजरं असत, त्यांची आठवण झाली.

"मामा, ते हॉरर गेमचं आहे. तुला नाही आवडायचं."

मला काय आवडणार नाही हे दुसऱ्याने परस्पर ठरवलं, की मी ती गोष्ट करतोच. माझं लग्न असंच झालं. पुस्तक घेऊन मी बाल्कनीत बसलो आणि फराळाच्या ताटासह रात्री दहापर्यंत वाचत राहिलो.

गेमचं नाव 'व्हॅम्पायर: द मास्करेड'. १९९१ साली अमेरिकेत मार्क राइन-हेगन नावाच्या गृहस्थांनी तो काढला. यात पट नाही, सोंगट्या नाहीत. चारपाच जणांनी टेबलाभोवती बसायचं, एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी "मी खिडकीतून उडी मारतो" असं म्हणायचं, आणि हाडं मोडली की नाही ते दहा पैलूंच्या फाशांनी ठरवायचं. एवढंच असतं तर मी पुस्तक मिटलं असतं. पण यात भुताला मारायचं नसतं, भूत व्हायचं असतं. खेळणारा प्रत्येक जण रक्त पिणारा. रात्री उठायचं, पोट भरायचं, आणि आपण कोण आहोत हे कुणाला कळू द्यायचं नाही.

माझ्यातला बी. कॉम. पहिल्या प्रकरणात झोपला होता. तो जागा झाला रक्ताच्या हिशेबाला. भाच्याकडे या गेमच्या दोन आवृत्त्या आहेत. २०११ची जी आहे तिच्यात प्रत्येक पिशाच्चाचं रीतसर खातं. नवशिक्या पिशाच्चाला जास्तीत जास्त दहा गुण रक्त बाळगता येतं. रोज संध्याकाळी नुसतं उठण्यापोटी एक गुण नावे. जखम भरून काढायची, अंगात जोर आणायचा, तर आणखी नावे. जमेच्या बाजूला माणसं. एका माणसात दहा गुण, सगळे काढले तर माणूस संपला. मी हे वाचलं आणि म्हटलं, हे भूत नव्हे, हे आपलं सेव्हिंग्ज खातं. पगाराच्या दिवशी फुगतं आणि वीस तारखेनंतर दुसऱ्याच्या गळ्याकडे बघतं.

२०१८च्या आवृत्तीत हे खातंच बंद केलं. आता शिल्लक नाही, फक्त भूक. शून्य ते पाच. संध्याकाळी उठलात की एक फासा टाकायचा. सहा किंवा जास्त पडले तर ठीक, नाहीतर भूक एकाने वाढली. म्हणजे किती उरलंय ते कधीच कळत नाही, फक्त किती हवंय ते कळतं. पासबुक बंद झालं तेव्हा आमच्या काउंटरवर म्हातारी माणसं ज्या चेहऱ्याने उभी राहत, तोच चेहरा मी त्या पानावर केला असणार. आधी वाटलं, हा शुद्ध अडाणीपणा. मग पुढची ओळ वाचली. भूक पुरती शून्यावर आणायची असेल तर एकच मार्ग: माणूस पिऊन मारायचा. कुणाला मारायचं नसेल तर थोडी भूक बाळगूनच जगायचं. चकली हातात धरून मी ती ओळ परत वाचली. जुन्या आवृत्तीत हिशेब चोख होता, पण खातं भरताना हात थरथरावा असं काही नव्हतं. नवीत ते आहे. हिशेबनीस म्हणून माझं मत जुनीला, माणूस म्हणून नवीला.

आता कुळांविषयी. पहिल्या पुस्तकात सात कुळं होती, नंतर वाढत तेरावर गेली, शिवाय लहानसहान वंश वेगळेच. श्रीमंत उद्योगपतींचं एक कूळ, कलावंतांचं एक, वेड्यांचं एक. एका वंशाला नाव दिलंय 'नागराजा' आणि तो कच्चं मांस खातो! ज्याला आपण नागपंचमीला दूध-लाह्या देतो, त्याचा हा मेनू वाचून मला धक्काच बसला. नाव वजनदार वाटलं, उचललं. विचारायला कोण येतंय?

पण ज्याच्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला ते कूळ म्हणजे 'नॉसफेरातू'. बाकीची कुळं आरशासमोर तासभर घालवतात. यांना चेहराच नाही. २०११च्या पुस्तकात रूपाचे गुण म्हणून एक रकाना असतो, त्यात इतरांना एक ते पाच. यांना छापील शून्य. कुळाचा मूळ पुरुष मोठा देखणा आणि रूपाचा गर्विष्ठ होता, त्याला शाप लागला तो पुढच्या सगळ्यांनी भोगायचा. म्हणून हे गटारात राहतात, दिसू नये अशी विद्या शिकतात, उंदरांशी बोलतात आणि शहरभरच्या बातम्या गोळा करून विकतात. दिवाणखान्यात यांना कुणी बोलवत नाही. पण मध्यरात्री सगळे दिवाणखानेवाले नाकाला रुमाल लावून यांच्या दारात येतात.

भाच्याच्या मित्रांत एक शांत मुलगा आहे. मी हे कौतुकाने वाचून दाखवत होतो तेव्हा तो म्हणाला, "काका, कुठल्या कुळात आलात त्यावर तोंड ठरणार, काम ठरणार, राहायची जागा ठरणार. घाणीत राहणाऱ्यांकडे बाकीचे गरजेपुरते येणार. यात कल्पनेचं काय आहे?"

कुणी हसलं नाही. भाच्याने फासे डबीत भरले आणि ते भरलेलेच होते हे लक्षात आल्यावर परत बाहेर काढले. मी आत जाऊन चहा सांगितला.

तर हा चेहरा आला कुठून? सिनेमातून. १९२२ साली मुर्नाऊ या जर्मन दिग्दर्शकाने 'नॉसफेरातू' काढला. त्यात मॅक्स श्रेक या नटाने टकला, टोकदार कानांचा, उंदरासारख्या पुढच्या दातांचा सरदार उभा केला. मूळ गोष्ट ब्रॅम स्टोकरच्या १८९७च्या 'ड्रॅक्युला'ची, परवानगी न घेता उचललेली. स्टोकरच्या विधवेने कोर्टात खेचलं आणि १९२५ साली हुकूम झाला की सगळ्या प्रती नष्ट करा. काही वाचल्या म्हणून हे कूळ वाचलं. उन्हाने पिशाच्च मरतं हेही त्या सिनेमाचंच देणं. स्टोकरचा ड्रॅक्युला दिवसा रस्त्यावर हिंडतो. म्हणजे ज्याला मुलं 'लोककथेवरून घेतलेलं' म्हणतात, ते शंभर वर्षांपूर्वीच्या मेकअपवरून घेतलेलं आहे.

खऱ्या लोककथेतलं पिशाच्च हवं असेल तर सर्बियात जावं लागतं, १७२५ सालात. किसिल्येवो नावाच्या खेड्यात पेटर ब्लागोयेविच नावाचा शेतकरी मेला. त्यानंतर आठ दिवसांत नऊ माणसं, प्रत्येकी दिवसभराच्या आजाराने, गेली. मरताना ती सांगत होती की पेटर झोपेत येऊन छातीवर बसतो आणि गळा दाबतो. गावकऱ्यांनी त्याला उकरायचं ठरवलं. भाग तेव्हा ऑस्ट्रियाच्या ताब्यात. फ्रॉम्बाल्ड नावाचा सरकारी अधिकारी होता, त्याला बोलावलं. तो म्हणाला, बेलग्रेडची परवानगी येऊ द्या. गावकरी म्हणाले, परवानगी येईपर्यंत गाव उरणार नाही. साहेब येत नसतील तर आम्ही गाव सोडून जातो. साहेब गेले. प्रेत ताजं दिसत होतं, केस-दाढी-नखं वाढलेली, तोंडात रक्त. छातीत खुंट ठोकला, प्रेत जाळलं. मग फ्रॉम्बाल्डने वरिष्ठांना अहवाल लिहिला आणि शेवटी असं जोडलं की यात काही चूक झाली असेल तर ती माझी न समजता भीतीने भान हरपलेल्या लोकांची समजावी.

हे वाचून मला त्या माणसाला मिठी माराविशी वाटली. तीनशे वर्षांपूर्वी, परक्या देशात, उघड्या कबरीच्या काठावर उभं राहून ज्याला शेवटचा परिच्छेद सुचला, तो आमच्या खात्यातलाच! काही वर्षांनी मेदवेद्या गावी असाच प्रकार झाला तेव्हा तर लष्करी शल्यवैद्यांनी तपासणी करून १७३२च्या जानेवारीत सह्यांचा अहवाल दिला. यात गूढ काही नाही. जमिनीत प्रेत वायूने फुगतं, पातळ झालेलं रक्त तोंडाशी येतं, कातडी आक्रसली की नखं वाढल्यासारखी दिसतात. पण नीट बघा, हे पिशाच्च कसं आहे? लाल, फुगलेलं, चांगलं खातंपितं. त्याला फिकट आणि सडपातळ केलं ते इंग्रज साहित्यिकांनी. १८१९ साली पॉलिडोरी या डॉक्टरने आपल्या गोष्टीत त्याला लॉर्ड करून टाकलं. तेव्हापासून त्याने जे डाएट धरलं ते आजतागायत.

आणि याच अहवालात आणखी एक गोष्ट आहे. पेटरच्या बायकोने सांगितलं की तो तिच्याकडेही आला होता. गळा नाही दाबला. त्याने आपल्या वहाणा मागितल्या. ती घाबरून गाव सोडून गेली.

माझी सगळी तक्रार इथे आहे. गेममधला नॉसफेरातू भयंकर आहे, कारण तो कुणीतरी परका, विद्रूप, गटारातून आलेला आहे. किसिल्येवोचा पेटर भयंकर आहे, कारण तो आपला आहे. घर त्याला ठाऊक आहे. वहाणा कुठे ठेवल्यात ते ठाऊक आहे. भाच्याच्या पुस्तकात कुणी कुणाला चावून कुळात आणलं याची वंशावळ पिढ्यांच्या आकड्यांसह आहे. पण मेल्यानंतर माणूस पहिल्यांदा स्वतःच्याच घरी का येतो, याला एक पान नाही.

वहाणांवरून वेतोबा आठवला. १८७० साली बर्टनसाहेबांनी वेताळ पंचविशी इंग्रजीत नेली तेव्हा वेताळाचं 'व्हॅम्पायर' केलं, तेव्हापासून आपला वेताळ या टोळीत नाहक अडकला आहे. तो बिचारा खांद्यावर बसून कोडी घालतो, मानेला दात लावत नाही. सिंधुदुर्गातल्या आरवलीला वेतोबाला भल्यामोठ्या चामडी वहाणा वाहतात. तो रात्री गावाच्या राखणीला फिरतो, त्या झिजतात. कोकणातल्या माणसाने हा प्रश्न किती शहाणपणाने सोडवला बघा. दारात येऊन मागायची वेळच येऊ दिली नाही.

नव्या आवृत्तीला मी थोडा उणा बोललो असेन. तिच्यात 'टचस्टोन' नावाची सोय आहे: प्रत्येक पिशाच्चाने एखादं जिवंत माणूस नेमायचं, ज्याच्यामुळे आपली माणुसकी टिकते. भाच्याने आग्रह केला म्हणून भाऊबिजेच्या रात्री मी खेळायला बसलो. अट घातली: गाव सर्बियातलं आणि कूळ नॉसफेरातू. टचस्टोन म्हणून बायको नेमली. आमची ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "निदान भुताच्या जन्मात तरी आठवण आली."

दोनअडीच तासांनी माझं पिशाच्च बायकोच्या नव्या गावी पोचलं. भाच्याने आवाज खाली आणला. "दार बंद आहे. आत दिवा आहे. भूक चार. काय करतोस?"

"वहाणा मागतो."

"म्हणजे दार उघडायला लावतोस? आत जायला?"

"नाही रे. वहाणाच हव्यात."

तो पानं उलटू लागला. याला नियम सापडेना. शेवटी म्हणाला, फासे टाक. भूक वाढली की नेहमीच्या फाशांच्या जागी लाल फासे येतात. माझ्या हातात पाचांपैकी चार लाल. टाकले. डाव फसला आणि एका लाल फाशावर एक पडला. याचा अर्थ टेबलावर सगळ्यांना ठाऊक होता, मलाही झाला होता. आतलं जनावर सुटलं. आता दार उघडलं की वहाणांचा विषय संपला.

भाचा माझ्याकडे बघत होता. मी म्हटलं, "तिने दार उघडलंच नाही असं होईल का?"

"नियमात नाही बसत, मामा."

पण त्याने फासे उचलले, डबीत भरले आणि म्हणाला, "नाही उघडलं."

मुलं पावणेबाराला गेली. जिन्याच्या दिव्यात सगळ्यांची चपला शोधायची धांदल, मग शांतता. झोपण्याआधी कचऱ्याची पिशवी ठेवायला मी दार उघडलं, तर बाहेर एकच जोड, आणि तो माझा नव्हे. त्या शांत मुलाचा. माझ्या घालून तो गेला. तो मागच्याच गल्लीत राहतो. सकाळी साडेआठची गाडी गाठायची, दुसरा जोड चांभाराकडे. तेव्हा आता रात्री बारा वाजता त्याच्या घरची बेल दाबून, त्याची आई दार उघडेल तेव्हा नेमकं काय म्हणायचं, याचा मी विचार करत उभा होतो.