भरीव नादाचे श्रेय कुणाचे?

यंदाच्या भीमजयंतीनंतर माझा एक विद्यार्थी तक्रार घेऊन आला. वस्तीतल्या गायनपार्टीत तो बास गिटार वाजवतो. म्हणाला, "सर, आवाज पोकळ येतो. बासचं बटण पूर्ण फिरवलं तरी नुसतं घुमतं, सूर कळत नाही." मी मराठी शिकवतो, संगीताचा पंडित नाही. पण माझे वडील हलगी वाजवीत. वाजवण्याआधी कातडे विस्तवावर शेकताना ते पुनःपुन्हा कान लावून पाहत. नाद भरीव का होतो, हा प्रश्न म्हणून मला परका नाही.

उत्तर बटणात नाही. बास गिटारच्या सर्वांत जाड तारेचा मूळ स्वर सेकंदाला सुमारे ४१ कंपनांचा असतो. लहान कर्ण्यातून तो नीट निघतच नाही. कान तो ओळखतो तो त्याच्या दुपटी-तिपटीच्या, म्हणजे ८२ आणि १२३ कंपनांच्या उपस्वरांवरून. बटण फिरवून तळ फुगवला की तो ढोलकीच्या धुमेत मिसळतो आणि चिखल होतो. भरीवपणा मधल्या पट्टीत असतो, आणि ती पट्टी बोट आणि तार घडवतात.

याचे सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे अमेरिकेतील कृष्णवर्णीय वादक जेम्स जेमर्सन. जन्म १९३६, दक्षिण कॅरोलिनातला. १९५४ साली डेट्रॉइटला आला. तिथल्या मोटाउन कंपनीच्या असंख्य गाण्यांचा तळ त्याने बांधला. आधी तो उभा, मोठा लाकडी बास वाजवीत असे. तो हात त्याने विजेच्या वाद्यावर आणला. तारा गुळगुळीत वेटोळ्यांच्या, जाड. तुटल्याशिवाय बदलायच्या नाहीत. तारा पट्टीपासून उंच ठेवलेल्या, म्हणजे दाबायला अधिक जोर. घोडीच्या झाकणाखाली स्पंजाचा तुकडा, म्हणजे स्वर उमटतो आणि वेळेवर विझतो. उजव्या हाताचे बहुधा एकच बोट, तर्जनी. स्टुडिओत बासची तार कर्ण्यात न जाता थेट ध्वनिमुद्रणाच्या यंत्रात जाई. फोर टॉप्सचे १९६७ सालचे 'बर्नाडेट' ऐकावे. तिथे बास गाण्याच्या मागे उभा नाही. तो गाण्याशी बोलतो आहे.

आता समीक्षेचा मुद्दा. अशा वादकांविषयी लिहिताना 'लय त्यांच्या रक्तातच असते' असे म्हणण्याची सवय आहे. हे कौतुक नव्हे, ही हिरावणूक आहे. रक्तात असेल तर शिकावे काय लागले? उंच तारांवर बोटे झिजवली कुणी? ज्याला निसर्गदत्त म्हटले त्याचे मोल द्यावे लागत नाही. आमच्याकडेही 'यांच्या गळ्यातच गाणं आहे' असे म्हणणारे रसिक भेटतात. माझ्या वडिलांच्या हातातच हलगी आहे, असे गाव म्हणे. आणि लग्नाच्या मांडवात त्यांना बाहेर बसवी. वाजवणे जातीचे ठरले की कसब कुणाचेच उरत नाही. पुढे बाबासाहेबांच्या विचाराने त्यांनी गावकीची हलगी खाली ठेवली. तो नकार योग्यच होता. पण त्यांनी सोडली ती गुलामी. कान त्यांनी सोडला नाही, आणि त्या कानाचा हिशेब आम्ही शिकलेल्या मुलांनी कुठेच लिहिला नाही.

जेमर्सनचे नावही वेष्टणावर नसे. गायकाचे छायाचित्र असे, वादकाला मजुरी. मार्विन गे याच्या १९७१ सालच्या 'व्हॉट्स गोइंग ऑन' या तबकडीवर तो आणि त्याचे सहकारी नावाने छापले गेले. पुढच्याच वर्षी कंपनीने लॉस एंजेलिसला बस्तान हलवले. जेमर्सन १९८३ साली वारला. २००० साली रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये त्याची नोंद झाली. या वादकांवरचा चित्रपट २००२ साली आला. तोवर तो ऐकायला उरला नव्हता.

इथे एक अडचणीची गोष्ट सांगितली पाहिजे. मोटाउनचा संस्थापक, बेरी गॉर्डी, स्वतः कृष्णवर्णीय होता. म्हणजे नाव पुसायला परकेच लागतात असे नाही. माझ्या घरात भीमगीतांच्या जुन्या कॅसेटी आहेत. त्यांवर गायक ठळक, कवी कधी असतो कधी नसतो; ढोलकी कुणाची, बास कुणाचा, हे एकाही कॅसेटीवर नाही. दलित पँथरने १९७२ साली ब्लॅक पँथरकडून नाव आणि धग घेतली. त्या लोकांच्या तळातल्या वादकाची ही कहाणीही आपण घेतली पाहिजे, कारण ती आपल्याला आरसा दाखवते. समतेचे गाणे गाताना मंचावरच उतरंड उभी राहत असेल, तर त्या गाण्याचा नादही पोकळच.

विद्यार्थ्याला मी एवढेच सांगितले: बासचे बटण अर्ध्यावर आण, मधली पट्टी थोडी उचल. गुळगुळीत तारा लाव. घोडीजवळ स्पंज ठेव. स्वर कधी थांबवायचा ते ढोलकीवाल्याकडे पाहून ठरव. पुढच्या आठवड्यात तो आला, म्हणाला, "सर, आता सूर कळतो." मी विचारले, "तुमच्या पत्रकावर तुझं नाव आहे का?"

तो हसला. पत्रकावर नाव नव्हते. येत्या जयंतीचे पत्रक आम्ही दोघे मिळून लिहिणार आहोत. त्यात ढोलकीवाल्याचेही नाव असेल.